ताठबाईंनी टेबल फिरवलं

बाईंचा राग कायम नाकाच्या शेंड्यावर. ऑफिसांमधून हिंडायचं, खुर्चीत बसून बसून आखडलेल्या लोकांच्या माना, पाठी, मनगटं बघायची, दुखतं तिथे दाबायचं आणि मग टेबल, खुर्ची, कॉम्प्युटर मापात लावून द्यायचा, हा त्यांचा धंदा. दारातून आत शिरल्या की पहिला शब्द, "ताठ बसा!" म्हणून नाव पडलं ताठबाई. त्यांचा अंगठा खांद्यात घुसला की मोठमोठे मॅनेजर "आई गं" करून किंचाळायचे. "आता ओरडा," बाई म्हणायच्या, "कुबड काढून बसताना कुठे गेला होता हा आवाज?"

त्याआधी बरीच वर्षं त्या बॉक्सिंगच्या क्लबात होत्या. फुटलेल्या भुवया, निखळलेले खांदे, थुंकीबरोबर पडलेले दात, सगळं पाहून झालेलं. एकदा खांदा बसवताना एका पैलवान गड्यानं दुखतं म्हणून त्यांना शिवी हासडली, तर बाईंनी खांदा बसवला आणि वर एक कानाखालीही वाजवली. पण तिथे मार समोरून यायचा, आणि खाणाऱ्यालाही परत मारायची मुभा होती. ऑफिसातल्या माराची त्यांना कल्पनाच नव्हती.

त्या ऑफिसात त्यांना मालकानंच बोलावलं. अर्ध्या लोकांची मान धरलेली, रोज कुणीतरी रजेवर. "खुर्च्याच भिकार आहेत," मालक म्हणाला. काचेच्या केबिनमध्ये बसलेला, गोरागोमटा, बोलायला लोण्यासारखा. बाईंना चहासुद्धा स्वतः ओतून दिला मेल्यानं.

बाहेर सगळ्यांची टेबलं केबिनकडे पाठ करून. आणि बसणारा जो तो वाकडा! धड उजवीकडे वळलेलं, मान त्याहून वळलेली. सगळ्यांत वाकडा होता तो हिशेबनीस. त्याचं टेबल केबिनच्या दाराशी. त्यानं कॉम्प्युटर कोपऱ्यात सरकवलेला, खुर्ची तिरकी, टाईप करताना एक डोळा कायम मागे. मान लाकडासारखी कडक.

"ताई, जरा या बाजूनं बोला," तो म्हणाला. "डाव्या कानानं ऐकू येत नाही. आता हा एकच उरलाय."

"लहानपणापासून?"

"जुनंच आहे," तो म्हणाला आणि हसला.

बाईंना वाटलं, झालं, सापडलं! एका कानानं ऐकतो म्हणून वाकडा बसतो. त्यांनी बाह्या सरसावल्या. टेबल ओढलं, कॉम्प्युटर नाकासमोर आणला, हलू नये म्हणून स्टँड स्क्रूनं आवळून टाकला.

"ताई, नको. मला असंच बरं पडतं," हिशेबनीस काकुळतीला आला.

"बरं पडतं? मान गेली कामातून आणि म्हणे बरं पडतं! हात लावाल स्टँडला तर बोटं मोडीन."

आजूबाजूचे खाली बघत होते. मागे केबिनच्या दारात उभा राहून मालक म्हणाला, "ऐका जरा ताईंचं." मग मात्र हिशेबनीस ताठ बसला.

आठवड्यानं बाई तपासायला गेल्या. हिशेबनिसाच्या खांद्यावर अंगठा ठेवून बघितलं, तर मान लोण्यासारखी मऊ झालेली नव्हती, पण वळत होती. बाई खूश. पाण्याची बाटली घ्यायला त्या कोपऱ्यातल्या टेबलाकडे गेल्या, तेवढ्यात केबिनचं दार धाडकन उघडलं.

"कुठल्या गाढवानं पाठवलं हे बिल?"

आणि खोलीतल्या सगळ्या माना एकदम उजवीकडे वळून खाली गेल्या. टायपिस्ट, शिपाई, ती नवीन मुलगी, सगळे एका झटक्यात टेबलाखाली. इतकं सफाईदार वाकणं बाईंनी क्लबातसुद्धा पाहिलं नव्हतं. त्या झटक्यात त्यांना सगळ्यांच्या माना कळल्या, एकूणएक. त्या ओरडल्या, "खाली!" पण ज्याच्यासाठी ओरडल्या तो नाकासमोर बघत ताठ बसला होता. आवाज कुठल्या बाजूचा, हे एका कानाला कळत नाही.

कागदांना भोकं पाडायचं लोखंडी मशीन भिरभिरत आलं आणि त्याच्या उजव्या कानामागे बसलं. नारळ फुटावा तसा आवाज झाला. त्याचं तोंड की-बोर्डवर आपटलं, रक्त बटणांच्या फटींतून टेबलभर पसरलं. मालक तरीही पुढे येत होता. "नाटकं करतोय," म्हणत त्यानं हिशेबनिसाची कॉलर धरली.

तळपायाची आग मस्तकात गेली म्हणजे काय, ते त्या दिवशी बाईंना कळलं. त्यांनी मालकाचं मनगट धरलं, कोपर उलटा केला आणि अंगठा बरोबर शिरेवर रोवला. मालक गुडघ्यांवर आला. तोंडावर आपटून दात फुटला, तरी बाईंनी हात सोडला नाही. आणखी पिळला. खांदा खटकन निखळला, मालक डुकरासारखा केकाटला आणि बाईंना, खोटं कशाला सांगायचं, बरं वाटलं. दुसऱ्या हाताकडे त्यांची नजर गेलीही होती. पण हिशेबनिसाच्या कानातून पाण्यासारखं काहीतरी गळायला लागलं, आणि हात सोडून त्या तिकडे धावल्या. त्याचं डोकं तसंच धरून बसल्या, गाडी येईपर्यंत.

"त्यांचा डावा कान साहेबांनीच घालवला, थप्पड मारून," टायपिस्ट रडत म्हणाली. "म्हणून ते एक डोळा मागे ठेवायचे."

"मग मेल्यांनो, मला सांगायला जीभ झडली होती?"

"साहेब मागेच उभे होते ना, ताई."

पोलिसांनी मालकाला नेलं, पट्टी बांधलेल्या खांद्यासकट. बाईंनाही बसवून प्रश्न विचारले. त्यांनी सांगितलं, हो, मीच निखळवला, आणि कसा तेही दाखवू का? पोलीस नको म्हणाला.

मग त्या दवाखान्यात गेल्या. हिशेबनिसाची बायको उशाशी बसून एका पाटीवर खडूनं काहीतरी लिहीत होती. बाईंनी तिला काही विचारलं नाही. खाटेजवळ गेल्या, त्याच्या उजव्या बाजूला वाकल्या.

"दादा, चूक माझी. तुम्ही नको म्हणत होतात."

तो त्यांच्या ओठांकडे बघत राहिला. बाई मोठ्यानं बोलल्या. मग त्याहून मोठ्यानं, घसा फाटेस्तोवर: "चूक माझी होती हो! माझी!" पलीकडच्या खाटांवरचे पेशंट उठून बसले. नर्स धावत आली.

हिशेबनीस ओळखीचं हसला. आपला आवाज आपल्याला ऐकू येत नसल्यामुळे तोही ओरडूनच बोलला.

"मान ना? मान बरी आहे, ताई. आता अजिबात दुखत नाही."