भावाने पुसलेला आवाज

धरणगाव स्टेशनवर भाऊ मला सोडायला आला होता, असं तो आजही चारचौघांत सांगतो. खोटं आहे. मी खरंच जातोय ना, हे बघायला आला होता. केबल टीव्हीच्या धंद्यात त्याला वाटेकरी नको होता. सुरतेची गाडी लागली तशी त्याने आधी माझी पिशवी डब्यात टाकली आणि मग म्हणाला, "चढ." माय घरीच राहिली. उंबऱ्यातून एवढंच म्हणाली, "जाय, पन तोंड सांभाय." तोंड काही मी सांभाळलं नाही. त्याच तोंडावर सुरतेत कटपीसचा, म्हणजे मिलच्या उरलेल्या कापडाच्या तुकड्यांचा, धंदा उभा केला. मिलवाल्याने एक भाव सांगावा, मी दुसरा सांगावा, आणि माल शेवटी माझ्याच दराने उचलावा.

गावात राहिलेल्यांनो आणि माझ्यासारखे सुरतेच्या उधन्यात येऊन पडलेल्यांनो, ते पाळीव जनावरांचं कार्टून तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय. तासाभराचं, परदेशी. एक जाडा कुत्रा, एक भांडखोर मांजर, एक पोपट. घरचे लोक कुलूप लावून गावाला जातात. या तिघांना वाटतं, आपल्याला कायमचं टाकलं. मग ते वाटेत भांडत, उपाशी, गावभर घरच्यांना शोधत फिरतात आणि थकून त्याच बंद दाराशी येऊन बसतात.

मी गाव सोडण्याआधी त्याला आम्ही दोघा भावांनी अहिराणी आवाज दिला होता. केबलच्या खोलीत, बँडवाल्याच्या माइकवर. कुत्रा आणि पोपट भाऊ झाला, कारण दोन आवाज त्याने स्वतःकडेच ठेवले. मला मांजर दिलं. शेवटच्या बंद दारापाशी कोणीच बोलायचं नाही असं ठरलं होतं. आम्ही श्वास रोखून बसलो आणि नेमकी माय मागच्या घरातून ओरडली, "चला रे, चहा थंडा व्हयी ऱ्हायना!" टेप चालूच होती. पुन्हा करायला वेळ नव्हता, दुपारी आमच्या केबल चॅनेलवर लावायचं होतं. तसंच लावलं. पडद्यावर त्याच क्षणी दार उघडलं.

तालुक्याला वाटलं, घरातली बाईच हाक मारतेय. बायांनी डोळ्यांना पदर लावले. लोक भाऊला रस्त्यात अडवून म्हणायचे, "ते चहावालं परत लाव." दर सुट्टीत लागायचं. मजेची कार्टूनं नंतर ढीगभर आली आणि विसरली गेली. हे का टिकलं, ते मला विचारा. घरातून निघालेल्या प्रत्येकाला वाटतं की आपल्याला टाकलं, आणि प्रत्येकाला आतून ती हाक हवी असते. पण भाऊला हे कसं कळणार? तो कधी दाराबाहेर पडलाच नाही.

माय गेली. तिचे फोटो आहेत. आवाज नाही. फोन ती हातभर लांब धरायची, "बरी शे" म्हणायची आणि ठेवून द्यायची. गेल्या दिवाळीत भाऊने तेच कार्टून इंटरनेटवर टाकलं, "नवीन, स्वच्छ आवाजात". मी शेवटापर्यंत बघितलं. माझं मांजर जळगावचा कुणी पोरगा पुस्तकी मराठीत बोलत होता. ते जाऊ दे. दार उघडलं आणि तिथे बासरी वाजली.

मी फोन लावला. "भाऊ, माय कुठं आहे?"

"अरे, मागचा आरडाओरडा होता तो. लोकांना गावंढळ वाटतं आता."

"तुझी माय गावंढळ?"

"उगा तापू नको. जुनी टेप बुरशी लागून गेली. फेकली."

फेकली. हा शब्द त्याने भाजीच्या देठासारखा उच्चारला. त्यानंतर मी जे बोललो ते छापण्यासारखं नाही आणि मागे घेण्यासारखंही नाही.

मग मी उधन्यात प्रत्येक खान्देशी घर पालथं घातलं. शेवटी यावलच्या नानांकडे सापडलं, तेव्हा चॅनेलवरून उतरवून घेतलेलं. ते भरीत-पुरीची गाडी लावतात आणि गिऱ्हाइकांसाठी छोट्या टीव्हीवर हेच चालू असतं. बाकड्यावर गुजराती बोलणारी पोरं बसली होती. मायच्या हाकेचा शब्द त्यांना कळत नव्हता, पण दार उघडताच एकाच्या हातातली पुरी तशीच राहिली.

मी म्हटलं, "नाना, याचे काय घ्याल?"

"हाई इकाले नही शे." नाना विकायलाच तयार नव्हते.

"मग फक्त शेवटचा तुकडा तरी द्या."

नाना हसले. "कटपीसवाला तो कटपीसवालाच! बठ्ठं लई जाय." अख्खंच देऊन टाकलं, फुकट.

आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे उलटा भाव नव्हता.

आता ते माझ्याकडे आहे, हे भाऊला कळलंय. परवा फोन आला. आवाज मऊ, इतका मऊ की मला संशयच आला. "पाठवून दे ना. घरात लावीन." मी म्हटलं, कुठल्या घरात? चार भिंती आणि सातबारा तुझ्याकडे आहेत, ठेव. घर म्हणतात ते जिथून कुणी हाक मारतं त्याला, आणि ती हाक सध्या उधन्यात, तिसऱ्या माळ्यावर, माझ्या खोलीत आहे. पाठवणार नाही. ऐकायची असेल तर ये. दार वाजव आणि उघडेपर्यंत बाहेर उभा राहा.

तो म्हणाला, "किती वेळ उभा ठेवशील?"

ते मी अजून ठरवलेलं नाही.