तोकडी टोकं

वीर्यतपासणीच्या लॅबमध्ये काम करणाऱ्या बाईला घरी कुणी "आज काय विशेष?" विचारलं तर ती काय सांगणार! म्हणून किस्से साठत जातात. आमचं नगरचं सेंटर छोटं. डॉक्टर, मी आणि बाहेर बाकांवर मान खाली घालून बसलेली जोडपी.

*

नागापूरला भट्टीवर काम करणारा एकजण. शुक्राणूंची संख्या चांगली आली म्हणून पेढे घेऊन आला! पण बायकोचा गर्भ टिकत नव्हता, म्हणून नमुना पुण्याला 'टेलोमेअर'साठी पाठवलेला. ते तोकडं निघालं.

डॉक्टर म्हणाले, "कासऱ्याचं टोक उसवू नये म्हणून गाठ मारतो ना? तसं गुणसूत्राच्या टोकाला हे टेलोमेअर असतं. शुक्राणूत ते तोकडं असलं, तर गर्भ टिकायला अडचण येऊ शकते. धग, तंबाखू, यांचाही हात असू शकतो."

"मग मारा की गाठ, सायेब!"

आम्ही हसलो. त्याची बायको पेढ्यांचा बॉक्स पिशवीत परत ठेवत होती.

*

राहुरीकडचे एक मास्तर. दहावीला विज्ञान शिकवतात, रविवारी चर्चमध्ये पोरांची गाणी बसवतात. डॉक्टरांचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"दर वर्षी फळ्यावर गुणसूत्रं काढतो, मॅडम. टोक आलं की खडू उचलायचा, एवढंच ठाऊक होतं!"

*

एक सासूबाई हॉलभर ऐकू जाईल अशा बोलल्या, "सुनंतच खोट हाय!"

आत डॉक्टर नवराबायकोला सांगत होते, की सुनेत काही नाही. नवरा हळूच म्हणाला, "आईला नका सांगू."

जाताना मी सासूबाईंकडं वळले, तशी सून माझ्यापाशी थांबली. "ऱ्हाऊ द्या, ताई. मला तर सवय झालीय."

*

कोपरगावचे अण्णा मुलाला घेऊन आले ते त्याला झापतच. "दिसभर मोबाईल! मग काय हुनार?"

डॉक्टर सहज बोलून गेले, की वयाबरोबर पुरुषाच्या शुक्राणूतली ही टोकं उलट लांबतात.

अण्णांनी मिशीवरून हात फिरवला. "म्हंजे माजी लांब आन् याची तोकडी?"

मुलगा उठून बाहेर गेला. अण्णा दाराकडं बघत राहिले.

"मला आता काय करायचीत ती!"

*

एक टेम्पोवाला. मूल होत नाही म्हणून पहिली बायको माहेरी धाडून सोडचिठ्ठी दिलेली. दुसरीलाही मूल नाही, तेव्हा कुठं स्वतः तपासायला आला.

डॉक्टरांचं ऐकून त्यानं एकच विचारलं, "हे आदी कळलं असतं का?"

"आधी आला असतात, तर निदान तुमची तपासणी तरी झाली असती."

तो बाहेर जिन्यात जाऊन बसला आणि फोन लावला. गाडी चालवताना लागलेली सवय, फोन स्पीकरवरच. पलीकडून बाईचा आवाज आला.

"मी बोलतोय," तो म्हणाला. "तुज्यात काय न्हवतं गं. माज्यातच हुतं."



"मला म्हाईत हाय," ती म्हणाली.

तेवढ्यात तिकडून एक लहान पोरगी ओरडली, "आई, कोन हाय गं?"

"कोन न्हाई, बाळा. राँग नंबर!"