रुखमाबाईचं देवधान

सिंदेवाहीकडच्या एका गावात, तलावाच्या पाळीखाली रुखमाबाई ढीवरीण राहते. ऋषिपंचमीला नांगर न लागलेलं धान्य खायचं असतं, आणि तिच्या घरी त्याची कधी वानवा नव्हती. तलावात देवधान आपोआप उगवायचं. पिकलं की दाणा पाण्यात गळतो, म्हणून ती आधीच डोंग्यातून जाऊन लोंब्यांच्या जुड्या बांधून ठेवायची. बांधायच्या राहिलेल्या गळत, नि त्यातूनच पुढचं देवधान उगवे.

नवरा रामाजी म्हशीपायी वेडा. त्यानं कुठून तरी परदेशी पाणगवताची एक काडी आणली आणि तुकडे करून काठाला खोचली. पुढं रामाजी तापानं गेला, म्हैस विकली, गवत तेवढं राहिलं. शेजारणी म्हणाल्या, उपटून टाक. पण त्याच्या हातचं एवढंच उरलेलं, ते उपटायला तिचा हात धजेना. बघता बघता गवत पाण्यात उतरलं. मग ती विळा घेऊन कंबरभर पाण्यात उभी राहू लागली, पण कापावं तितकं ते माजे, नि त्याखाली देवधान दबून जाई. गेल्या साली होत्या नव्हत्या तेवढ्या सगळ्या लोंब्या तिनं बांधून आणल्या. यंदा एक पात उगवली नाही.

श्रावणात मंजुषा आली, तलावातलावांतल्या देवधानाचा अभ्यास करणारी पोर. रुखमाबाईनं आपल्या देवधानाच्या बोटभर काळ्या कुसळांचं वर्णन केलं, तर ती म्हणाली, असं देवधान मला कुठंच दिसलं नाही. प्रत्येक तलावाचं देवधान निराळं, कुणी खोल पाणी सोसतं, कुणी कोरड. हे गवत मात्र सगळं एकाच काडीचं, कुठूनही उपटा, सारखंच.

तिनं बी मागितलं. रुखमाबाईनं गाडग्यातून कांडलेले पांढरे तांदूळ आणून दिले. मंजुषानं एक दाणा बोटांत धरून पाहिला.

"हे उगवणार नाही, बाई. थोडं न कांडलेलं धान ठेवलं नाही का?"

"देवधानाचं बी कोन ठेवते, पोरी? थे तर तलावच ठेवत होता."

मंजुषा म्हणाली, तपासून याचं कूळ तरी कळेल, चिमूटभर पुरे, बाकीचे पंचमीला राहू द्या.  आपणच आपलं देवधान बुडवलं, हे रुखमाबाईच्या काळजात रुतलं होतं. तिनं गाडगं मंजुषाच्या पिशवीत पालथं केलं.

"सारेच ने. कोन्या कुळाचं होतं, थे मले सांगजो."

पंचमीला शेजारणींनी दुसऱ्या तलावाचं देवधान आणून दिलं. रुखमाबाईनं ते परत केलं आणि दिवसभर पाण्यावर राहिली.