लंकाबाई आणि तारेवरचा आकडा

आमच्या सासूबाईंनी बन्सी वायरमनचा दात पाडला, तेव्हा मी या घरात नवीन होते. बन्सीचा गुन्हा एवढाच की तो विहिरीजवळच्या खांबावरून आमचा आकडा काढायला आला होता. आकडा म्हणजे तारेला टांगून चोरून वीज घ्यायची वायर. आमच्या वस्तीवर हे लहान पोरालाही सांगावं लागत नाही.

बन्सी खाली उतरला आणि सरळपणे म्हणाला, "काकू, ह्यो आकडा तुमचाच हाय ना?"

सासूबाईंच्या हातात दुधाच्या कॅनचं झाकण होतं. तेच त्यांनी त्याच्या तोंडावर हाणलं. "आकडा कुनाचा, हे मला इचारतो व्हय?"

बन्सी रक्त थुंकला, मातीतला दात उचलून त्याने खिशात घातला आणि मोटारसायकल चालू करून निघून गेला. बांधाला बांध लागून शेत, म्हणून त्याने तक्रार केली नाही. पण दोन्ही घरांचं बोलणं तुटलं. त्याची बायको भागूबाई विहिरीवर भेटली तरी तोंड फिरवायची.

माझ्या सासूबाईंचं नाव लंकाबाई. राहुरीच्या अलीकडे मुळा नदीच्या काठाला आमची वस्ती. नवरा तरणाताठा गेला आणि दीर जमिनीवर ताबा मारायला आले, तेव्हा या बाईने त्यांना उसाच्या टिपराने बांधापर्यंत बदडत नेलं होतं. एका गाईचा गोठा त्यांनी पत्र्याच्या मोठ्या शेडपर्यंत आणला. मला त्यांनी कधी बोट लावलं नाही. ओरडायच्या मात्र सारख्या. गायींवर, कुत्र्यावर, उन्हावर, माझ्यावर, आणि सगळ्यांत जास्त पोटच्या पोरावर, म्हणजे माझ्या नवऱ्यावर, अमृतवर. उठल्यापासून झोपेपर्यंत त्यांच्या तोंडाचा पट्टा चालू. त्यामुळे त्या काय ओरडतात हे आम्ही नवरा-बायकोंनी ऐकायचं कधीच सोडून दिलं होतं.

दूध काढायचं मशीन घेतलं, मग लाईट जाते म्हणून अमृतने जनरेटर आणला. त्याचा जीव त्या जनरेटरवर. रोज फडक्याने पुसायचा. लग्नानंतर माझ्याकडेही त्याने इतकं लक्ष दिलं नव्हतं. सासूबाईंना त्याचा आवाज खपायचा नाही. त्या आवाजाने गायी पान्हा चोरतात, असं त्यांचं म्हणणं. "येक दिवस कुऱ्हाड घालीन त्याच्यात," हे त्यांचं रोजचंच.

मग ते वादळ आलं. कोकणात धडकलं, घाट चढून आमच्यापर्यंत येईतो त्याचा दम जाईल असं टीव्हीवर सांगत होते. त्याचा दम काही गेला नव्हता. दुपारीच अंधारलं. वाऱ्याने आधी कडबा नेला, मग शेडचे पत्रे एकेक करून उचकटायला घेतले. खिळे सुटतानाचा तो आवाज अजून माझ्या कानात आहे. गायी दावणीला बांधलेल्या, हंबरत होत्या, दावी तोडू पाहत होत्या. सासूबाई विळ्याने दावी कापत सुटल्या. शेवटच्या गाईजवळ पोचल्या तोच एक पत्रा आडवा आला आणि तिच्या मानेत घुसला. सासूबाईंनी पोतं दाबून धरलं, पण रक्त थांबेना. गाय त्यांच्या मांडीवर मान टाकून गेली. त्या लाल झालेल्या लुगड्यानिशी अंगणात उभ्या राहिल्या आणि आभाळाला अशा शिव्या घातल्या की त्या मी इथे लिहू शकत नाही.

सगळ्या वस्तीचे खांब आडवे झाले. आठवडा होत आला तरी लाईटचा पत्ता नव्हता. जनरेटर एकट्या आमच्याकडे. लोक मोबाईल चार्ज करायला यायचे, सासूबाई त्यांच्यावर ओरडायच्या आणि सगळ्यांचे मोबाईल लावून द्यायच्या. बन्सीच्या घरून मात्र कुणी आलं नाही.

बन्सी त्या दिवसांत घरी नसायचाच. गावोगावचे खांब उभे करत हिंडत होता, डोळे सुजलेले, हाताला फडकी गुंडाळलेली. शेवटी आमच्या वस्तीचा नंबर लागला. पोरांनी ट्रॅक्टरने खांब ओढून उभे केले, तारा ताणल्या. त्याच्या शेतापलीकडच्या शेवटच्या खांबावरचा जोड तेवढा राहिला.

त्या दुपारी सासूबाई अमृतला म्हणाल्या, "तार बिनकरंटची हाय तवर आकडा टाकून घे. मागनं टाकाया जाशील अन् जीव घालवशील."

त्यांना पोराची काळजी होती, दुसरं काही नाही. अमृतने बांबूने आकडा टाकला. करंट आला की लगेच विहिरीची मोटार सुरू. आम्हा तिघांनाही ही शहाणपणाचीच गोष्ट वाटली.

संध्याकाळी धारांची वेळ झाली. जनरेटरचा करंट बाहेरच्या तारेत जाऊ नये म्हणून अमृतने मेन स्विच पाडला, नीट बघून पाडला, आणि जनरेटर चालू केला. पण आकड्याची वायर मेन स्विचकडून येतच नव्हती. चोरीची वीज मीटरला दिसू नये म्हणून ती मागच्या भिंतीतून थेट बोर्डात घेतलेली. त्याच वाटेने जनरेटरचा करंट उलटा तारेत चढला.

सासूबाई बांधावरून घासाचा भारा घेऊन येत होत्या. जनरेटरचा आवाज त्यांनी ऐकला, आणि त्याच वेळी पलीकडच्या खांबावर राहिलेला जोड द्यायला चढलेल्या बन्सीचं अंग ताठ झालेलं त्यांना दिसलं. सगळा जन्म आकड्यावर मोटार चालवलेली ती बाई. काय झालं हे तिला कुणी सांगायला नको होतं. भारा टाकून त्या खांबाकडे नाही, घराकडे पळत सुटल्या.

"अमृत, बंद कर! बंद कर ते!"

अमृत मशीनचे कप गाईच्या आचळांना लावत होता. मी कॅन धूत होते. आम्ही दोघांनीही ऐकलं, आणि दोघांनीही मान वर केली नाही. आई ओरडतेय, यात नवीन काय.

त्यांना जनरेटर बंद करता येत नव्हता. त्याला त्यांनी कधी हातच लावला नव्हता. त्यांनी सरपणातली कुऱ्हाड उचलली. तेव्हा कुठे अमृत उठला, धावत जाऊन जनरेटरच्या आड उभा राहिला. "आये, येडी झाली काय? हात लावू नको त्याला."

"बन्सी मरतोय! सरक!"

जनरेटरच्या धडधडीत त्याला ते ऐकू आलं नाही, का त्याचा विश्वास बसला नाही, हे त्याने मला अजून सांगितलेलं नाही. त्याने तिचा हात धरला. तिने हात सोडवला आणि कुऱ्हाडीच्या उलट्या बाजूने पोटच्या पोराच्या खांद्यावर घाव घातला. हाड मोडल्याचा आवाज मला कॅनपाशी ऐकू आला. तो खाली कोसळला. त्याला ओलांडून तिने जनरेटरमधून निघालेल्या वायरवर कुऱ्हाड घातली. डोळे दिपले, मोठा आवाज झाला, कुऱ्हाडीच्या पात्याचा तुकडा उडाला. कोरड्या दांड्यानेच तिला वाचवलं.

मला त्या क्षणी तिचा जीव घ्यावासा वाटला. माझा नवरा मातीत तळमळत होता आणि ती त्याच्याकडे न बघता शेतातून पळत चालली होती.

बन्सी कमरेच्या दोराला लोंबकळत होता. पोरांनी त्याला खाली घेतलं. सासूबाई त्याच्या छातीवर दोन्ही हातांनी दाबत राहिल्या आणि ओरडत राहिल्या, "ऊठ मुडद्या, ऊठ." त्याने श्वास घेतला. पण उजवा हात कोळसा झाला होता. कोपरापासून खालचा भाग काढावा लागला.

दवाखान्याच्या आवारात वीजवाले साहेब चौकशीला आले. लाईन बंद असताना करंट आला कुठून, असं विचारत होते. अमृत खांदा बांधून बाकावर बसलेला, मान खाली. वस्तीतल्या माणसांना सगळं ठाऊक होतं, कुणी बोलेना. मीही बोलले नाही. नवऱ्याला पोलीस घेऊन जातील, ही भीती होती.

सासूबाई पुढे झाल्या. "आकडा आमचा हाय, सायब. म्याच टाकाया लावला. लिवा."

भागूबाई भिंतीशी बसली होती. ती उठली, पायातली चप्पल काढली आणि सासूबाईंच्या तोंडावर मारली. मग परत मारली. मारतच राहिली, गाल फुटला, ओठातून रक्त आलं. लोक सोडवायला गेले, तर सासूबाईंनी त्यांनाच मागे लोटलं. आयुष्यात कुणाचा हात अंगाला लागू न दिलेली बाई हात पाठीमागे बांधून उभी होती. भागूबाईला धाप लागली, तेव्हा त्या म्हणाल्या, "दमली आसशील तर बस जरा. मग मार."

भागूबाई खाली बसली आणि मोठ्याने रडायला लागली. मी सासूबाईंवर तोवर कधी माया केली नव्हती. त्या दिवशी त्यांचं तोंड पदराने पुसताना मला रडू आवरलं नाही.

केस चालू आहे. आकडा गेला, जनरेटर आणि बाहेरची तार एकत्र जोडली जाऊ नये म्हणून आता अदलाबदलीचा वेगळा स्विच आहे. अमृतचा खांदा वाकडाच जुळला. आई ओरडली की तो हातातलं काम टाकून उभा राहतो. पण आता त्या फारशा ओरडत नाहीत.

बन्सीची एक म्हैस आहे, मोठी हट्टी. ती फक्त बन्सीच्या हाताला दूध द्यायची, भागूबाईला जवळ उभंही करायची नाही. सासूबाई रोज पहाटे बांध ओलांडून तिची धार काढायला जातात. भागूबाई बोलत नाही, बादली तेवढी दारात ठेवते. बन्सी खाटेवरून बघत असतो.

म्हैस अजून त्यांना लाथ मारते. परवा नडगी फुटली, रक्त आलं. बन्सी खाटेवरून म्हणाला, "काकू, दांडकं घ्या हातात, त्याबिगर ती ऐकायची न्हाई."

"मारू दे तिला," सासूबाई म्हणाल्या, आणि सांडलेली बादली सरळ करून पुन्हा म्हशीखाली बसल्या.