कॉफीवालीचे जाहीर आभार

अन्याय झाला तो माझ्या शेजारच्या खोलीत राहणाऱ्या जपानी मुलीवर, आणि तो झाला गेल्या मार्चमधल्या एका सोमवारी, सकाळच्या टपालाने. पत्रकाची पहिली ओळ अशीच हवी. कोणावर आणि कधी, हे आधी सांगून टाकायचं, विशेषणं मागाहून. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत कॉलेजच्या जिन्याखाली बसून मी पत्रकं लिहायला शिकले आणि खरं सांगायचं तर तेवढंच नीट शिकले. मुंबईसह महाराष्ट्र झाला आणि मी बेकार झाले; म्हणून रसायनशास्त्रात डॉक्टरेट करायला म्युनिकला आले. डॉक्टरेट अजून व्हायची आहे. पत्रकं मात्र इथेही निघाली.

अडचण एवढीच की या मुलीवर अन्याय होण्याच्या आधीच, ऑक्टोबरात, मी तिच्या डोळ्यांदेखत भलत्याच माणसासाठी लढून मोकळी झाले होते.

शहरातल्या एका संशोधन संस्थेत अमेरिकन आणि जपानी तज्ज्ञांची परिषद भरली होती. जपानी कापड अमेरिकेत किती जावं यावरून दोन्ही देशांत तणातणी. म्हणून अभ्यासू माणसांनी तिसऱ्याच्या घरी बसून शांतपणे बोलावं आणि दोन्ही सरकारांपुढे ठेवायला एक अहवाल लिहावा, अशी कल्पना. माझी शेजारीण तिथे दुभाषी होती. ती स्वतः अर्थशास्त्रात संशोधन करणारी. जपानी, इंग्रजी, जर्मन तिन्ही सफाईने बोलणारी. तिच्या ओळखीने मलाही काम मिळालं, कॉफी देण्याचं. साडी नेसून दिलीत तर शोभून दिसेल, असं संस्थेचे डायरेक्टर म्हणाले. मी स्कर्ट घालून गेले. क्रांतीला तिथूनच सुरुवात झाली.

ट्रे घेऊन मी भिंतीशी उभी असायची. अमेरिकनांचा म्होरक्या, एक उंच प्राध्यापक, बोलायचा आणि टेबलावर थापा मारायचा. समोर जपान्यांचे वयोवृद्ध प्राध्यापक डोळे मिटून बसलेले. प्रश्न आला की ते श्वास आत ओढायचे आणि गप्प राहायचे. अमेरिकन थोडा चुळबुळायचा आणि पुन्हा आपणच सुरू व्हायचा. माझं डोकं तापलं. एका म्हाताऱ्या आशियाई विद्वानाचं तोंड दाबलं जातंय, आणि मी साखर किती विचारत फिरतेय!

संध्याकाळी मी तांत्रिक विद्यापीठातल्या एका पुणेकर मित्राला गाठलं. विद्यार्थी संघाच्या सायक्लोस्टाईल मशीनची किल्ली त्याच्याकडे असे.

"म्युनिकात निवडणूक लागलीय का?" स्टेन्सिल बघून तो म्हणाला.

"थट्टा नको. आशियाचा आवाज दाबला जातोय."

"आशियाला विचारलंस का?"

"तू हँडल फिरव."

"फिरवतो, बाई. पण एका पानावर एवढी उद्गारचिन्हं? शाई पुरायची नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रत्येक बशीखाली एक पत्रक होतं. मथळा: गप्प बसवलेल्यांना बोलू द्या! अमेरिकन प्राध्यापक वाचून कानापर्यंत लाल झाला. जपानी प्राध्यापकांनी पत्रक नीट घडी घालून खिशात ठेवलं आणि मला वाकून नमस्कार केला. मी तो आभाराचा समजून स्वीकारला.

त्या संध्याकाळी वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात शेजारीण भात शिजवत होती.

"आमच्या सरांचं तोंड कुणी दाबलेलं नाही," ती शांतपणे म्हणाली. "ते गप्प बसले की समोरचा अस्वस्थ होतो आणि आणखी काहीतरी देऊ करतो. काल संध्याकाळपर्यंत त्यांनी बऱ्याच सवलती पदरात पाडल्या होत्या."

"आणि आज?"

"आज तुझं पत्रक वाचून अमेरिकन सभ्यपणे थांबायला लागला. सर गप्प, तोही गप्प. सकाळभर खोलीत फक्त चमचे वाजत होते."

मी ताटल्या मांडायला घेतल्या.

"मग कॉफीच्या सुट्टीत मी एकेकाला वेगळं गाठलं," ती म्हणाली. त्यांच्याकडे पद्धतच अशी: काय ठरायचं ते बैठकीआधी एकेकाशी बोलून ठरवायचं, बैठक नुसती माना हलवायला. छोट्या विणकर गावांना सावरायला अवधी दिल्याशिवाय निर्यातीला कात्री लावू नये, असा एक परिच्छेद तिने स्वतः लिहून काढला होता. तो अमेरिकनांनी लिहिला नव्हता, जपान्यांनीही नव्हता, म्हणून दोघांनाही चालण्यासारखा होता. अहवालातला सहावा परिच्छेद तो.

"त्याखाली तुझं नाव येईल ना?"

"यायला हवं," ती म्हणाली. इतक्या महिन्यांत तिने स्वतःसाठी काही मागितलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. तिच्या गावच्या विद्यापीठात एक जागा निघणार होती. छापील काम जोडलेलं नसेल तर बाईचा अर्ज तिथे कुणी उघडूनही बघणार नव्हतं.

"मी उद्याच पत्रक..."

"नको." तिने पातेल्यावर झाकण ठेवलं. "उद्या तू फक्त कॉफी दे."

उद्याचा दिवस परिषदेचा शेवटचा. ती सगळ्यांना भेटत फिरली, मी ट्रे घेऊन मागे. जपानी सर बागेत, अमेरिकन खिडकीशी, डायरेक्टर आपल्या दारात. "बरोबर, बरोबर, फ्रॉइलाइन!" डायरेक्टर म्हणाले; लग्न न झालेल्या बाईला इथे असंच म्हणतात. "सहाव्या परिच्छेदाखाली तुमचं नाव. अगदी रास्त आहे." मग बैठकीत त्यांनी तिच्या नावाचा मुद्दा वाचला. कुणीही बोललं नाही. माझी जीभ टाळूला टकरा देत होती. तिने एकदाच माझ्याकडे पाहिलं. मी ओठ मिटून धरले. डायरेक्टरांनी पान उलटलं. झालं, मंजूर!

मौनाचं सामर्थ्य मला असं समजलं. पुढे आठवडाभर मी ते पुणेकराला समजावत होते.

"गप्प बसण्यावर तू आज तासभर बोललीस," तो म्हणाला.

मग तो मार्चमधला सोमवार. अहवालाची एकेक प्रत आम्हा दोघींना एकाच टपालाने आली. स्वयंपाकघरातच पाकिटं फोडली. सहावा परिच्छेद होता, शब्दन् शब्द तिचा. खाली कोरी जागा. पुढे दोन्ही बाजूंच्या तज्ज्ञांची नावं होती, डायरेक्टरांचं तर दोनदा. तिचं कुठेच नव्हतं. शेवटच्या पानावर आभार: नगरपालिकेचे, टंकलेखिकांचे, हॉटेलचे, आणि परिषदेच्या कामात उत्साहाने रस घेणाऱ्या, कॉफी देणाऱ्या भारतीय फ्रॉइलाइनचे. माझं नाव. आडनावासकट, एकही चूक न करता.

"अभिनंदन," ती म्हणाली. "तुझं छापील काम झालं."

आणि हसली. रडली असती तर मला काही सुचलं तरी असतं.

मी तशीच ट्राम पकडून डायरेक्टरांकडे गेले. ते आश्चर्याने म्हणाले, "दुभाष्यांची नावं छापण्याची पद्धत नाही, फ्रॉइलाइन. आणि त्या मुद्द्यावर बैठकीत कुणी बोललंच नव्हतं. बैठकीच्या इतिवृत्तात काय लिहिणार?"

"मग माझं नाव कसं आलं?"

"तुम्ही सगळ्यांच्या लक्षात राहिलात."

आयुष्यात एकदाच तोंड बंद ठेवलं, त्याचं हे फळ. ती अजूनही एकेकाला भेटते आहे, नम्र पत्रं लिहिते आहे. तिच्या विद्यापीठात अर्ज करायची मुदत शरद ऋतूत संपते. त्याआधी संस्था अहवालाची दुसरी आवृत्ती काढणार आहे. म्हणजे जागा अजून आहे.

तिचं नाव मी इथे लिहीत नाही. तिने बजावलंय, "तुझ्या पत्रकात नको. माझ्या परिच्छेदाखाली हवं." म्हणून तुम्हाला सांगते. हा अहवाल आपल्याकडच्या मोठ्या ग्रंथालयांतही पाठवला गेला आहे. जा आणि मागून घ्या. शेवटच्या पानावर कॉफीवालीचे आभार दिसले की तो हाच. संस्थेचा पत्ता त्याच पानावर खाली आहे. पत्र टाका आणि एकच विचारा: सहावा परिच्छेद कोणी लिहिला? उत्तर येईपर्यंत पुन्हा पुन्हा विचारा. पहिलं पत्र आज टाका.