पाहुण्यांच्या बाजूला

इथे आखातात आमचे शेजारी मूळचे वसईचे. एका जागी ते कधी उभे राहत नाहीत, बोलतानाही गाडीची किल्ली बोटावर फिरत असते. त्यांचा मुलगा इथल्याच अल ऐन शहरात कॉलेजात आहे, तिथल्या फुटबॉल टीममध्ये खेळतो. शनिवारी कॉलेजच्याच मैदानावर मॅच होती, म्हणून आठवडाभर लिफ्टमध्ये प्लॅन बदलत होता.

"आधी झू, मग मॅच. नाही, आधी मॅच. तू पण चल रे, तू कॉलेज केलंयस, तुला तिथलं कळतं."

आमच्या घरात कॉलेज पाहिलेला मी पहिला, आणि ते मी लपवत नाही. गेलो.

मैदानात शिरल्यावर ते सरळ पाहुण्या टीमच्या माणसांत जाऊन बसले.

"इथे कशाला?"

"पोरगा म्हणाला, डॅड, प्लीज डोन्ट कम. मी ओरडतो ना, त्याला लाज वाटते. इथे बसलो तर दिसणार नाही."

मुलगा मैदानात आला. त्याने समोरच्या, आपल्या कॉलेजच्या स्टँडवरून सावकाश नजर फिरवली. मग पुन्हा एकदा.

"कोणाला शोधतोय हा?"

"तुम्हाला," मी म्हणालो.

ते ताडकन उभे राहिले. किल्ली खिशात टाकली आणि समोरच्या स्टँडकडे पळत सुटले.