राजाला कागद कुणी वाचून दाखवला?

जॉर्जियाचा आणि कानडी मुलखातल्या, जंगलात वसलेल्या आमच्या कुंभारवाडा गावाचा तसा काडीचाही संबंध नाही. पण माझी पुतणी डॉक्टरकी शिकायला तिकडे कुताइसीला गेली आणि फोनवर मला तिथलं काहीबाही सांगू लागली. मी निवृत्त मास्तर. ऐकलेलं दुसऱ्याला ऐकवल्याशिवाय मला जेवण गोड लागत नाही.

तिने सांगितलेली गोष्ट तिथल्या जुन्या इमेरेती राज्याच्या शेवटच्या राजाची. एवढंसं डोंगरी राज्य, आणि उशाशी रशियाचा झार. राजाने झारचं मांडलिकत्व कबूल करून कागदावर सही केली. गादी आपलीच राहील, असा त्याचा समज. काही वर्षांतच त्याला गादीवरून खाली खेचलं. तो निसटला, लढला, हरला आणि शेवटी तुर्कांच्या मुलखात परका म्हणून मेला.

ही गोष्ट मी भर मांडावर सांगितली. मांड म्हणजे आमचा होळीचा शिगमा जिथून सुरू होतो ती देवाची जागा. तिथे पहिला नारळ ठेवायचा मान बुधवंताचा, म्हणजे गावच्या प्रमुखाचा, आणि बुधवंतकी एकाच घरात चालत आलेली. आमचा बुधवंत माझा चुलत आजा लागतो. त्याने जंगल सोडून बाहेर वसायला तयार असल्याच्या सरकारी कागदावर अंगठा दिला होता. जो गाव सोडणार, त्याने नारळ कसा ठेवायचा, यावर बैठक तापली होती. अशा वेळी मला विद्वत्ता सुचली. राजाची गोष्ट रंगवून सांगितली आणि वर म्हणालो, "सही करताना डोळं उघडं ठेवाय पायजे व्हतं राजानं."

लोक हसले. मीही हसलो.

बुधवंत अज्जा मात्र विचारात पडला होता. "मास्तर, त्या राजाला रशियाची भाषा येत व्हती काय?"

"न्हाई, अज्जा. कुठली येतीय?"

"मग कागद वाचून कुणी दावला त्येला?"

अज्जाला कानडी बोलता येतं, वाचता येत नाही. त्याचा कानडी कागद मी वाचून दाखवला होता, जोयड्याच्या कचेरीत, त्याच्या शेजारी बसून. दोन पानं होती. पहिलं नीट समजावलं. दुसऱ्यावर आलो तर परतीच्या बसची वेळ झालेली, आणि ती चुकली की मुक्कामच. वरवर नजर फिरवून मी म्हणालो, "म्होरं तेच हाय. मांडाचा मान तुमचाच ऱ्हाणार." अज्जाने माझ्या शब्दावर अंगठा टेकवला. घरी येऊन नक्कल वाचली, तेव्हा कळलं की घर, शेत, देवाची जागा, कशावरच हक्क उरणार नव्हता. मी नक्कल घडी करून ट्रंकेत ठेवली आणि गप्प बसलो.

फसलेल्या माणसाला आमचं गाव सांभाळून घेतं. आपणहून उठून जाणाऱ्याला नाही. "मी चुकीचं सांगितलं," एवढं एक वाक्य मी बोललो असतो, तर अज्जाचा मान राहिला असता. माझं नाव घेणं त्याच्याही हातात होतं. त्याने घेतलं नाही. भल्या माणसाने मला नुसतं विचारलं आणि वाट पाहिली. सगळा मांड माझ्याकडे बघत होता.

मी म्हणालो, "त्ये काय लिवलेलं न्हाई कुठं, अज्जा."

"व्हय?" तो म्हणाला. बस्स, एवढंच. मग उठला, नारळ भावकीतल्या दुसऱ्या घरच्या थोरल्याच्या ओंजळीत दिला, आणि मागे येऊन माझ्याच शेजारी बसला. मी सरकून त्याला जागा केली. पुढे कुणीतरी नारळ ठेवत होतं, देवाला गाऱ्हाणं चाललं होतं, आणि मला, लिहितानाही लाज वाटते, सुटल्यासारखं वाटत होतं.